उसाच्या आडची गाडी

श्रीपूरला रेल्वे स्टेशन नाही. माळशिरस तालुक्यातल्या या गावात साखर कारखाना आहे, शिवारात कालव्याचं पाणी आहे, आषाढात अकलूज-माळीनगर-बोरगाव या वाटेने तुकोबांची पालखी जाते. पण गाडी धरायची तर पंढरपूर नाहीतर कुर्डुवाडी गाठावी लागते. म्हणून या प्रकरणात आपणच श्रीपूरला रेल्वे आणू. चार फूट बाय दोन फूट प्लायवुडवर.

छोट्या रेल्वेच्या छंदात ही जुनी चाल आहे. जी शाखा कधी झालीच नाही, ती 'झाली असती तर' म्हणून बांधायची. आपल्या भागात तर या कल्पनेला वेगळा विषय शोधावा लागत नाही. लोणंदहून निघालेले रूळ फलटणपर्यंत आले, आणि तिथून पंढरपूरपर्यंतचा तुकडा मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी चर्चेतच ऐकला. आपण ब्रॉडगेजच्या वाट्याला जाणार नाही. या मुलखाची खरी गाडी म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला नेली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला आली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात सगळा मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी संपली. आपली कल्पना एवढीच, की पंढरपूरहून एक फाटा उसातून श्रीपूरच्या कारखान्यापर्यंत आला होता. जाताना साखरेची पोती, येताना एकादशीचे वारकरी.

अडीच फुटी गाडी निवडण्यामागे हिशेबही आहे. या छंदातलं सर्वांत चालतं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मि.मी. रुंद. ८७ ने भागलं तर १९ मि.मी.च्या थोडं वर जातं. पण एचओचा तयार रूळ मिळतो तो युरोपच्या स्टँडर्ड गेजचा, साडेसोळा मि.मी.चा. म्हणजे आपली ब्रॉडगेज गाडी त्यावर उभी केली की पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. बार्शी लाइटचं तसं नाही. ७६२ भागिले ८७, म्हणजे पावणेनऊ मि.मी. आणि एन नावाच्या धाकट्या प्रमाणाचा ९ मि.मी.चा रूळ दुकानात तयार असतो. पाव मिलिमीटरचा फरक कुणाला दिसत नाही. फक्त त्या रुळाचे स्लीपर फार बारीक आणि फार जवळजवळ असतात. ते मातीत अर्धे बुजवले की झालं. तसंही आडबाजूच्या शाखेवर स्लीपर कुठे स्वच्छ दिसतात?

आता शेतकऱ्याच्या भाषेतला हिशेब. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. १:८७ मध्ये तो साडेअकरा सेंटिमीटर चौरस होतो, चहाच्या बशीएवढा. एकराची बाजू होते ७३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फळीच्या रुंदीपेक्षाही जास्त. अख्ख्या चार बाय दोनच्या फळीवर दीड एकराहूनही कमी जमीन आहे. कुर्डुवाडी ते बार्शी हे एकवीस मैल याच प्रमाणात मांडायचे तर जवळपास ३९० मीटर लांब टेबल लागेल. तेव्हा पहिली गोष्ट मनाशी धरायची, ती ही की आपण गाव बांधत नाही, शिवार बांधत नाही. गाडी जाताना एका माणसाला एका जागी उभं राहून जेवढं दिसतं, तेवढंच बांधतो.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे काम परकं नाही. दिवाळीत विटा रचून, चिखलात भिजवलेलं गोणपाट त्यांवर पसरून, वर हळीव पेरून ज्याने किल्ला केला, त्याला युरोपातल्या छंदिष्टांची निम्मी विद्या न शिकताच येते. तेही हेच करतात. चुरगाळलेल्या कागदाच्या ढिगावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेलं कापड पसरतात, वाळल्यावर रंगवतात. गोणपाटाच्या जागी गॉज आलं, एवढाच फरक. गणपतीपुढे आपण मांडतो त्याला देखावा म्हणतो. रुळाभोवतालच्या मांडणीलाही मी तोच शब्द वापरतो, दुसरा शोधायची गरज नाही. किल्ल्याची एक खोड मात्र इथे चालत नाही. किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी कुणाचं बिघडत नाही. इथे माणूस दोन सेंटिमीटरहून उंच झाला की सगळा खेळ मोडतो.

किल्ल्याची दुसरी सवय म्हणजे डोंगर. पुस्तकांतल्या बहुतेक मांडण्यांमध्ये डोंगर असतो, कारण डोंगराला बोगदा पाडता येतो आणि बोगद्यात गाडी लपवता येते. गोल फिरणारी गाडी सतत दिसत राहिली तर ती खेळणं वाटते. क्षणभर नाहीशी होऊन दुसरीकडून निघाली, की ती कुठूनतरी आली आणि कुठेतरी चालली असं वाटतं. श्रीपूरला डोंगर नाही. नजर जाईल तिथवर सपाट. सपाट जमीन हा या छंदातला सर्वांत कठीण विषय आहे असं माझं मत आहे, आणि डोंगर रचून त्यातून पळ काढणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही.

त्यावर पहिला उपाय फळीच्या उंचीचा आहे. मांडणी कमरेएवढ्या टेबलावर ठेवली तर आपण ती विमानातून बघतो आणि सपाट रान टेबलासारखंच दिसतं. तीच फळी छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सव्वा मीटरवर घ्या आणि स्टुलावर बसून बघा. आता नजर रुळाच्या पातळीला येते. बांधावरचं गवत पुढे, गाडी मागे, त्यामागे आभाळ. त्या दोन सेंटिमीटरच्या माणसाची नजर रानापासून १८ मि.मी. वर असते. आपली जेवढी त्याच्या जवळ नेता येईल तेवढी जमीन जमीन वाटू लागते. मागच्या पडद्यावर क्षितिज खाली ठेवावं आणि वरचा निळा रंग खाली येता येता धुळकट पांढरा करावा. सोलापूरचं आभाळ क्षितिजाशी कधीच निळं नसतं.

दुसरा उपाय, सपाट जमीन मुळात सपाट नसते हे ओळखण्याचा. रेल्वेचा भराव कुठून आला? शेजारूनच माती उपसून. म्हणून आपल्याकडे जुन्या रुळांच्या दोन्ही बाजूंना खड्ड्यांची रांग असते. पावसाळ्यात त्यांत पाणी साठतं, कडेने लव्हाळा आणि पाणकणीस माजतं, एरवी तिथे बाभळी असतात. तेव्हा फळीवर थेट रूळ ठोकू नका. आधी दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्या. त्यावर एक सेंटिमीटरचा भराव, म्हणजे खऱ्यातला जवळपास एक मीटर. आणि भरावाच्या कडेने थर कोरून ते खड्डे काढा. रुळाखालून जाणारा ओढा, त्यावर तीन पाइपांची मोरी, शेताचा बांध, पाटाची चारी: अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या या चढउतारांनी डोंगराची उणीव भरून निघते.

थरासाठी थर्माकोल हलका, स्वस्त आणि टीव्हीच्या खोक्यातून फुकट मिळणारा. पण त्यावर स्प्रे पेंट किंवा रबराच्या सोल्युशनसारखा डिंक लावू नका. त्यातलं द्रावक थर्माकोलच खातं. माझ्या पहिल्या मांडणीचा कालव्याचा भराव एका दुपारी डोळ्यांदेखत आत खचला, तेव्हा मला हे कळलं. पांढरा फेविकॉल आणि पाण्यात कालवायचे रंग, एवढ्यावर राहावं.

माती विकत आणणं मला तरी लाजिरवाणं वाटतं. परदेशी पाकिटांत मिळणारी तपकिरी पूड ही तिकडच्या दमट रानाची असते. तिच्यावर बार्शी लाइट उभी केली की गाडी पाहुणी दिसते. शेतातली पसाभर माती आणावी, वाळवावी, कुटावी, आधी मैद्याच्या चाळणीतून आणि मग नायलॉनच्या कापडातून गाळावी. मग जुन्या कढईत अर्धा तास भाजावी, नाहीतर किड्यांची अंडी दोन महिन्यांनी स्टेशन मास्तरच्या खोलीतून बाहेर पडतात. आणि यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात: मातीतून लोहचुंबक फिरवावा. आपली माती बेसाल्ट झिजून झालेली, त्यात मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. कागदाखाली चुंबक धरून बघा, मिशा उभ्या राहतात. इंजिनाच्या मोटारीतही चुंबकच असतो. हे कण रुळावरून वर ओढले जाऊन मोटारीत शिरले की इंजिन आधी कुरकुरतं आणि मग बसतं.

काळ्या मातीची आणखी एक तऱ्हा आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात रानात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. फेविकॉलच्या पाण्याने भिजवलेला निव्वळ काळ्या मातीचा थर फळीवरही तसाच तडकतो. पण भेग काही प्रमाण पाळत नाही. दोन मिलिमीटरची भेग खऱ्यातली सतरा सेंटिमीटर होते, तिच्यात आपला वारकरी उभा गडप होईल. म्हणून निम्म्याला निम्मी बारीक वाळू किंवा दगडाची भुकटी मिसळावी. एखाद्या पडीक वावरात मात्र शुद्ध माती पातळ पसरून मुद्दाम केसासारख्या भेगा पाडून घेता येतात, आणि त्या विलक्षण खऱ्या दिसतात. रंगाचाही विचार करायला हवा. काळी माती वाळल्यावर काळी राहत नाही, राखी-तपकिरी होते, आणि खोलीतल्या दिव्याखाली छोटी वस्तू असते त्यापेक्षा गडद दिसते. तेव्हा रंगात थोडा पांढरा टाकावा. मन कचरतं, पण टाकावा.

माती पसरून झाली की आधी साध्या पाण्याचा फवारा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे पाणी थेंबथेंब न राहता आत मुरतं. मग निम्मं पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडायचा. खडीही अशीच चिकटवतात. खरी खडी ५० मि.मी.ची धरली तर आपली सहा दशांश मि.मी.ची, बारीक रव्याएवढी. एवढ्या हिशेबावरून मी एकदा खरोखरच रवा रंगवून वापरला. तीन दिवसांत मुंग्यांनी दीड फूट मार्ग उखडून नेला.

गवताला सुतळी. तिचा फिका पिवळट रंग म्हणजे मार्गशीर्षानंतरच्या आपल्या माळाचा तंतोतंत रंग आहे, रंगवायची गरज नाही. पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे करून पिंजावेत आणि चिमटीने चिकटवावेत. युरोपात विजेच्या दाबाने नायलॉनचे तंतू उभे चिकटवायचं यंत्र मिळतं, आणि डास मारायच्या रॅकेटचं सर्किट काढून ते घरी बनवणारेही आहेत. झटका जोराचा बसतो, आणि त्यातून उगवणारी हिरवळ इंग्लंडची असते. मला सुतळी पुरते.

बाभळीशिवाय हा देखावा पुरा होत नाही, आणि बाभळीचे दोन घाट डोळ्यांत हवेत. साधी गावठी बाभूळ छत्रीसारखी पसरते. रामकाठी बाभूळ उलट्या धरलेल्या झाडूसारखी सरळ वर जाते. सावली कमी पडते म्हणून शेतकरी तिला बांधावर राहू देतो. विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारा वीस-पंचवीस एकत्र पिळायच्या, वर फांद्यांसाठी सोडवत जायच्या, फेविकॉल आणि मातीच्या लेपाने खोड जाड करायचं. पानांसाठी रंगवलेल्या स्पंजचा चुरा, पण मोजून. बाभळीतून आभाळ दिसलं पाहिजे. सहा मीटरची बाभूळ सात सेंटिमीटर होते. वीस झाडांना दोन रविवार लागतात, आणि दहावं झाड पहिल्यापेक्षा इतकं बरं जमतं की पहिली पाच मागच्या रांगेत जातात.

आता ऊस. बोगद्याचं उत्तर इथेच मिळतं. उभा ऊस तीन मीटरच्या घरात जातो, प्रमाणात साडेतीन सेंटिमीटर. अडीच फुटी गाडीचे डबेही जवळपास तेवढेच उंच. म्हणजे रूळ उसातून नेला की गाडी त्यात बुडते. छपराची एक रेघ आणि धूर तेवढा वर दिसतो, आणि दहा सेकंदांनी गाडी पलीकडे बांधावर निघते. डोंगराने जे काम स्वित्झर्लंडमध्ये केलं, ते इथे तेवढ्याच नेकीने उसाने करावं. अट एकच. उसात शिरताना भराव उतरवून रूळ जमिनीला टेकवा, नाहीतर गाडी उसाच्या डोक्यावरून चालते.

ऊस करायचा कसा? एकरी चाळीस हजार ऊस हे चांगल्या फडाचं गणित. गुंठ्याला हजार. बशीएवढ्या जागेत हजार कांड्या एक एक रोवायला बसलात तर गळीत हंगाम संपेल. तेव्हा लबाडी करावी. रुळाच्या आणि बघणाऱ्याच्या बाजूच्या दोन-तीन सऱ्याच खऱ्या करायच्या. मागे तीन सेंटिमीटर उंच फोमचा ठोकळा, गडद हिरवा-तपकिरी रंगवलेला, आणि त्याच्या माथ्यावर फक्त वाढं. खऱ्या कांडीची जाडी तीन-साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे आपली तीन-चार दशांश मि.मी. रंगाच्या जाड ब्रशचे केस बरोबर बसतात. हिरव्या पातळ कागदाची पट्टी कात्रीने झालरीसारखी कापून केसाभोवती गुंडाळली की पानं खाली वाकतात. बुडाशी पिंजलेली सुतळी, ते पाचट. सरीचं अंतर सव्वा सेंटिमीटर. आडसाली उसाला तुरे दाखवायचे असतील तर पांढऱ्या रंगाची नुसती धूसर बोटं फिरवा, कापूस लावू नका.

रुळाच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर मोकळे सोडायला विसरू नका. डबा तेरा मिलिमीटर बाहेर येतो, वळणावर आणखी थोडा. आणि उसाचे ठोकळे चिकटवू नका. गाडी रुळावरून घसरते ती नेमकी उसात, जिथे बोट जात नाही.

पाण्याविषयी थोडक्यात. नीरा उजवा कालवा दाखवायचा तर तळ चॉकलेटी-हिरवा रंगवून वर चमकदार वॉर्निशचे चार-पाच पातळ हात द्यावेत. निळा रंग मुळीच नको. पण कालवा असावा की नाही, हे तुमच्या मांडणीचं साल ठरवेल. भाटघरचं धरण १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालं, श्रीपूरचा कारखाना उभारणारी चंद्रशेखर आगाशे यांची बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट १९३४ सालची. त्याआधीचं साल धरलंत तर ऊस नाही, कारखाना नाही. ज्वारी, माळ आणि मेंढरं. मी १९५०च्या आसपासचं साल धरतो: वाफेचं इंजिन, बैलगाड्यांची रांग, ऊसतोड टोळीच्या कोप्या, आणि कालवा नुकता अंगवळणी पडलेला.

माणसं जर्मन बनावटीची मिळतात, हॅट-कोटातली. हॅट कापून त्या जागी पुटीचा फेटा आणि कोटाखाली टिश्यू पेपरचं धोतर चढवलं की बव्हेरियाचा हमाल बोरगावचा गाडीवान होतो. इमारतींवर मी वेळ घालवत नाही. एक खोली, एक ओसरी, पत्रा पुरे.

हे सगळं कुणी गंभीरपणे करतं का, असा प्रश्न पडला तर पुण्यात कोथरूडला जाऊन यावं. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे १९९८ पासून आहे. सिग्नल, पूल आणि गावासकट गाड्या पळताना बघायला लहान मुलांपेक्षा त्यांचे वडील पुढे सरकतात. आणि देखाव्याची परमावधी बघायची तर इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ पेंडन नावाचं संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातून आलेला तरुण १९२५ मध्ये तिथल्या खेड्यांत पोचला. गवताने शाकारलेली जुनी घरं नाहीशी होताना बघून त्याने ती १:७६ प्रमाणात कागदा-पुठ्ठ्यात उतरवायला घेतली. खरी घरं मोजून, खिडकी न् खिडकी. गाडी हे त्याचं निमित्त होतं. बार्शी लाइटच्या स्टेशनांसाठी आपल्याकडे असा एखादा खुळा वेळेवर निघाला असता तर बरं झालं असतं. रूळ उखडले गेले तेव्हा टेप घेऊन कुणी गेलं असेल तर ते भंगारवाले.

माझ्या फळीवर उसाचे तीन ठोकळे सुटे आहेत. कार्तिकात ते जागेवर असतात आणि गाडी त्यांत बुडते. पुढे एकेक ठोकळा उचलून त्या जागी दुसरा बसवतो: सुतळीचं पाचट, दोन बैलगाड्या, वाढ्याच्या पेंढ्या. रुळाची एक बाजू उघडी पडते, मग दुसरी. फाल्गुनात तिसरा निघतो आणि श्रीपूर फाट्यापासून कारखान्याच्या साइडिंगपर्यंत पूर्ण गाडी दिसते, इंजिन आणि चार डबे, एवढीशी. मग मी पाचटाच्या ठोकळ्यांवर सुईने भोकं पाडून हिरव्या कागदाचे चार-चार मिलिमीटरचे कोंब लावायला बसतो. खोडवा आहे.